एका खळ्यातली ज्वारी

सोमवार, ८ मे १९८९. भुसावळ.
सकाळपासून लू. नळ सकाळी थोडाच वेळ आला. दोन हंडे, एक बादली. डुकरांच्या अंगावर टाकायला पाणी उरले नाही, पोती ओली करून टाकली. काळीचे आणखी एक पिल्लू गेले. जुलाब तसेच, पाण्यासारखे. भागा आजही आली नाही. तिच्या नातीचे पोट अजून बांधत नाही म्हणतात. प्रार्थनेत चिंधीचे नाव घेतले.

एवढं लिहून एस्तरबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि वही उशाशी ठेवली. शाळेतल्या सिस्टरनी लावलेली ही सवय. झालं तेवढंच लिहायचं, मनातलं मनात ठेवायचं. लग्न झालं, मुलं झाली, मुलं दूर गेली, नवरा गेला, पण वही सुटली नाही.

नवरा सॅम्युअल शिरसाठ रेल्वेत गार्ड होता. निवृत्त झाल्यावर त्याने वस्तीच्या टोकाला, शेतांना लागून थोडी जागा घेतली, दोन खोल्या बांधल्या आणि मागे डुकरं पाळली. गावठी नव्हेत, विलायती रक्ताची. नाताळला आणि ईस्टरला रेल्वे कॉलनीतली ख्रिस्ती घरं मांस घेऊन जायची. तो गेला तेव्हा पाद्रीबाबांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं, "बाई, विकून टाका हे लचांड." एस्तरबाईंनी विकलं नाही. डुकरांना नेमाने खायला घालावं लागतं, नेमाने झाडावं लागतं. एकट्या बाईच्या दिवसाला त्यामुळे आकार राहतो, हे त्यांना कळत होतं. बोलून मात्र त्यांनी कधी दाखवलं नाही.

मदतीला भागाबाई. मूळची पारोळ्याकडची. मुलगा झुलाल केळीचे वॅगन भरायला जायचा, म्हणून सगळं घर इकडे आलं होतं. सून कमल. नात चिंधी. चिंधीच्या आधीची दोन लेकरं वर्षाची व्हायच्या आत गेली होती, म्हणून ही झाल्यावर तिला फाटक्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलं आणि नावही तेच ठेवलं, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. ती दीड वर्षाची होईपर्यंत कुणाचं लक्ष गेलं नाही. भागाबाई तिला काखेत घेऊन कामाला यायची आणि पोरगी गोठ्याच्या भिंतीवर बसून डुकरांना "हाड हाड" करायची.

गुढीपाडव्यानंतर कमलला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. चिंधीला अंगावरून तोडलं. दुधाच्या जागी भाकरीचा कुस्करा आला. आठवडाभरात पोट बिघडलं ते बिघडलंच. दवाखान्यातून मीठ-साखरेचं पाणी आणि गोळ्या मिळाल्या. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोरीचे हात काडीसारखे झाले आणि डोळे तेवढे मोठे दिसू लागले.

आणि नेमकी त्याच सुमारास एस्तरबाईंची डुकरं आजारी पडली.

मंगळवारी दुपारी भागाबाई आली, पण फाटकाच्या आत पाऊल टाकेना. डोक्यावर पदर, पायात काही नाही, फुफाट्यात तशीच उभी.

"आत ये ना. पाय भाजताहेत तुझे."

"नही अक्का. झुलालनी आन घाली शे. पोरना गळानी आन. डुकरंसमा पाय ठेवा त घरमा येवानं नही म्हने."

"का? काय झालं?"

"लोके म्हंतस, डुकरनी घाण पोरले लागनी. तुमनं डुकर मरस, मनी पोर बी तशीच सुकस." तिने भाजलेला पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवला. "दोन गयात, अक्का. हाई तिसरी. तुम्हीन शिकेल शेतस. खरं सांगा, तुमना डुकरंसनंच शे का हाई?"

एस्तरबाईंना चटकन 'नाही' म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी सांगायची नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

"मला माहीत नाही, भागा. पण शोधून काढते."

"लवकर काढा," भागाबाई म्हणाली, आणि पोळत्या वाटेने परत गेली.

शोधायचं कुठून? आपल्या हातून घाण जात नाही याची एस्तरबाईंना खात्री होती. सिस्टरांनी शाळेच्या स्वयंपाकघरात शिकवलेला एक नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. जे उकळलं ते निर्धोक. पिण्याचं पाणी उकळून, दूध उकळून, मुलांचे लंगोट उकळून. डुकरांचं खाणंसुद्धा त्या कच्चं देत नसत. कॉलनीतल्या घरांचं खरकटं, भाजीचे देठ, ज्वारीचा भरडा, सगळं लोखंडी कढईत रटरटा शिजायचं आणि मगच गव्हाणीत पडायचं. रेल्वेतली माणसं हसायची. "शिरसाठबाईंची डुकरं आमच्यापेक्षा गरम जेवतात!"

तेव्हा दोष खाण्याचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दोष उन्हाचा असेल. डुकराला घाम येत नाही, भुसावळचं ऊन त्याला आतून शिजवतं. त्यात काळी या डुकरिणीचं दूध उन्हाने आटलं, म्हणून पिलं वेळेआधी तोडावी लागली. पण ऊन दर वर्षी असतं, पिलं दर वर्षी तोडली जातात. अशी मरत नाहीत.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू फाडून पाहिलं. साथीच्या रोगाची खूण त्यांना दिसेना. त्यांनी आतड्याचे तुकडे औषधाच्या पाण्यात घालून बाटली बंद केली आणि म्हणाले, "हे धुळ्याला नेऊन द्या. तिथे माझे मित्र आहेत, डॉक्टर गिरासे. ते काचेखाली बघून सांगतील."

एस्तरबाई बाटली पिशवीत घालून एसटीने धुळ्याला गेल्या. शेजारच्या बाईने विचारलं, "लोणचं का?" त्या "नाही" म्हणाल्या आणि पिशवी मांडीवरून हलवली नाही. तुकडे मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढायला वेळ लागतो, असं कळलं. त्या परत आल्या आणि वाट बघत राहिल्या. त्या दिवसांत आणखी पिलं गेली. चिंधी उठून बसायची बंद झाल्याचं दूधवाल्याकडून कळलं.

पुढच्या आठवड्यात धुळ्याहून निरोप आला तशा त्या पहिल्या गाडीने निघाल्या.

डॉक्टर धनसिंग गिरासे बुटके, जाड भिंगाचा चष्मा लावणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी स्टूल पुढे केलं.

"बघता का, बाई? बघितलंत तर माझं बोलणं कमी होईल."

एस्तरबाईंनी एक डोळा मिटून दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावला. आधी नुसता गुलाबी धुरळा. डॉक्टरांनी चाक फिरवलं आणि एकदम सगळं ठसठशीत झालं. दाट उभी बोटं, एकाला लागून एक, टोकं वर.

"हे धडधाकट डुकराचं आतडं. आतून असं मखमलीसारखं असतं. एकेका बोटावर पेशींची एकच रांग. एकच बरं का! अन्न आत घ्यायचं आणि घाण बाहेर ठेवायची, दोन्ही कामं तिच्याच गळ्यात. आता हे बघा, तुमचं."

त्यांनी काच बदलली. एस्तरबाईंना पाहिल्याबरोबर रावेरकडच्या केळीच्या बागा आठवल्या, वादळ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या. काही बोटं खुंटून बुंध्याएवढी राहिलेली, काही आडवी, काही एकमेकांवर कोसळलेली. पेशींच्या रांगेत मध्ये मध्ये भगदाडं होती.

"उन्हानं?" त्यांनी विचारलं.

"ऊन आहे त्यात. ऊन फार झालं की जनावर रक्त कातडीकडे पळवतं, आतडं उपाशी राहतं. आईपासून तोडलेल्या पिलाचं आतडं तसंही नाजूक असतं, ते आठ-दहा दिवस धडपडतं. पण नुसत्या तेवढ्यावर पिल्लू सावरतं. हे इकडे बघा." त्यांनी पेन्सिलीने कागदावर बोटं काढली आणि बोटांच्या मुळाशी एक टिंब दिलं. "जुन्या पेशी वरून गळतात आणि या मुळाशी नव्या तयार होऊन वर सरकतात. रोज चाललेलं असतं हे. तुमच्या पिलांत या मुळाशीच मार बसलाय. नवी पेशी उगवतच नाही. हे जंतूचं काम वाटत नाही मला. विषाचं वाटतं. खायला काय घालता?"

"सगळं उकळून घालते," एस्तरबाई ताठ होऊन म्हणाल्या.

"हो, पण काय?"

"खरकटं, भाजी, ज्वारीचा भरडा."

"ज्वारी कशी होती?"

"काळी. कणसं भरली आणि पाऊस लागला, त्यातली. डुकरांसाठी म्हणून घेतली."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, काळी पडली म्हणजे बुरशी आली. उकळल्यानं बुरशी मरते, जंतू मरतात. बुरशीनं दाण्यात सोडलेलं विष नाही मरत. ते कढईत जातं तसं कढईतून बाहेर येतं. धुऊन थोडं कमी होतं, भाजून थोडं. पण राहतं."

एस्तरबाईंना आता डुकरं आठवत नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे मागच्या दिवाळीनंतरची बैलगाडी उभी राहिली होती. वरणगाव रस्त्यावरच्या जीवरामनानांच्या खळ्यातून ती गाडी निघाली होती. भागाबाई, झुलाल, कमल तिघांनी नानांकडे ज्वारीची कापणी-मळणी केली होती आणि मजुरी म्हणून धान्य मिळालं होतं. पावसाने सगळंच पीक काळं पडलेलं, तेव्हा मजुरीही तीच. त्याच गाडीवर एस्तरबाईंची डुकरांसाठीची पोती होती. गाडी आधी इथे थांबली, मग भागाबाईच्या दारात. भागाबाईने आपली ज्वारी पाखडली, धुतली, उन्हात वाळवली आणि म्हणाली होती, "धुईसन भाकर करी त काय व्हस?" एस्तरबाईंनीही होकारार्थी मान हलवली होती.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "हे माणसांनी खाल्लं तर? लहान मुलानं? नुकतंच अंगावरून तोडलेल्या?"

गिरासेंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी जनावरांचा डॉक्टर आहे. माणसांचं खात्रीनं सांगायचा मला अधिकार नाही. पण माझ्या घरात मी ती ज्वारी शिजू दिली नसती." मग म्हणाले, "एक चांगलं आहे. विष थांबलं आणि जीव तगला, तर मुळाशी नव्या पेशी पुन्हा उगवतात. आतडं फार लवकर सावरतं. वेळेत थांबलं पाहिजे."

परतीची गाडी पारोळ्याला बराच वेळ उभी राहिली. एस्तरबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उन्हं कलली तेव्हा त्या भुसावळला उतरल्या आणि घरी न जाता तडक झुलालच्या दारात गेल्या.

झुलाल नुकताच वॅगन भरून आला होता. खांद्यावरच्या फडक्याला केळीच्या चिकाचे डाग. त्याने बाज पुढे सरकवली, पण आवाजात धार होती.

"या बाई. बसा. डुकरं कशी शेतस?"

"मरताहेत," एस्तरबाई म्हणाल्या. "चिंधी कशी आहे?"

पोर आतल्या अंगाला गोधडीवर पडली होती. कमल तिच्या ओठांना ओलं फडकं लावत होती. चुलीवर तवा तापत होता आणि परातीत पीठ. भागाबाई भाकरी थापता थापता थांबली.

एस्तरबाईंनी धुळ्याला पाहिलेलं सगळं सांगितलं. शब्द जमेल तेवढे सोपे केले. जुलाब डुकरांकडून आले नाहीत, हे आधी सांगितलं. झुलालच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. मग ज्वारीचं सांगितलं. आठी पुन्हा आवळली.

"म्हंजे मनी पोर म्हंजे डुकरनं पिलू शे का?"

"तसं नाही रे झुलाल."

"मंग कसं? डुकरंसले चालस नही ते आम्ही खातस. असंच ना? आठे येवानं आन हाई सांगानं?" तो उठून उभा राहिला. "नानानी दिन्ही तवय कोनी बोलनं नही. नानाना घरमा गहूनी पोळी. आते म्हनतस इख शे!"

एस्तरबाईंना पहिल्यांदाच आपल्या बोलण्यातला काटा दिसला. काचेखाली सगळं सारखं होतं. इथे, या अंगणात, तसं नव्हतं. डुकरांच्या पोटावरून लेकीच्या पोटाकडे यायला एका बापाला किती मोठं अंतर तोडावं लागतं, ते त्यांनी एसटीत बसून मोजलंच नव्हतं.

"झुलाल," त्या म्हणाल्या, "माझ्या डुकरांना चालत नाही, तुम्हाला तर मुळीच चालायला नको, म्हणून घरी न जाता इथे आले. डॉक्टर म्हणाले, माणसांचं ते खात्रीनं सांगू शकत नाहीत. मीही नाही. चुकत असेन तर तुझं धान्य वाया गेलं. चुकत नसेन तर..." त्यांनी चिंधीकडे पाहिलं.

"वरीसनं धान शे, बाई. दोन पोतं आजून भरेल शेतस. फेकीसन काय खावानं, माती? आन धान फेकानं म्हंजे काय पाप शे, ठाऊक शे तुमले?"

तव्यावर नुसता धूर येत होता. तेवढ्यात भागाबाईने परातीतलं पीठ चिमटीत घेऊन नाकाशी नेलं. बराच वेळ हुंगलं. मग परात बाजूला सारली आणि तवा खाली उतरवला.

"फेकानं नही," ती म्हणाली. "पुरानं."

"काय?"

"पुरानं, म्हंतस. श्रावणमा कानबाईना रोट उरनात त आपन काय करतस? गायले देतस? कुत्राले देतस? शेजारीले देतस? नही ना? खड्डा खंदतस, रोट आन हात धुवानं पानी बी धरतीना पोटमा ठेवतस. ते पाप शे का?"

"ते देवीनं शे, माय."

"धान बी देवीनंच शे. इखारी व्हयनं म्हनीसन देवीनं नही का?" तिचा आवाज चढला नाही. "मी पाखडी, मी धुयी, मी दळी, मनाच हातवरी पोरले चारी. मन्हं पाप मी दखी लिसू. तू कुदळ काढ."

झुलाल आईकडे बघत राहिला. मग त्याने कमलकडे पाहिलं. कमलने मान वर केली नाही, पण पोरीच्या पोटावरचा तिचा हात जरा जास्त घट्ट झाला. झुलालने भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली.

खड्डा घरामागच्या बांधाजवळ घेतला. माती तापून दगडासारखी झाली होती, कुदळ खणखण वाजायची. दुसऱ्या दिवशी एस्तरबाईंची उरलेली पोतीही हातगाडीवरून तिथेच आली, कारण एकाच खळ्यातलं धान्य दोन ठिकाणी कशाला, असं भागाबाई म्हणाली. पोती रिकामी करताना काळी बुरशी धुरासारखी उडायची. सगळ्यांनी तोंडाला फडकं बांधलं. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर चुना, मग माती, मग दगड. माती लोटायच्या आधी भागाबाईने ओंजळभर पाणी सोडलं आणि हात जोडले. एस्तरबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनीही डोळे मिटले.

हातपाय धुऊन झुलाल गावाकडे निघाला. "कोठे?" आईने विचारलं.

"नानाना खळामातून आजून कोनी कोनी नेयेल शे, तेसले सांगाले. लोके माले बी हसतीन, डुकरंसनी शाळा शिकी उना म्हनतीन. हसोत."

ज्यांना त्याने सांगितलं त्यांपैकी दोन घरांनी ऐकलं. एकाने शिव्या दिल्या. नानांकडे मात्र तो गेला नाही. तिथे एस्तरबाई स्वतः जाऊन ज्वारीचं सांगून आल्या. नाना हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. उरलेल्या कणग्यांकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून मोठी माणसं झुलालच्या मजुरीतून आणलेल्या धान्यावर भागवत होती, आणि चिंधीच्या पोटात फक्त एस्तरबाईंच्या डब्यातल्या तांदळाची पेज जात होती. भागाबाई सकाळी यायची, फाटकाच्या आत, डुकरांच्या अंगावर ओली पोती टाकायची आणि जाताना वाटीभर तांदूळ पदरात घेऊन जायची. पहिले काही दिवस काहीच फरक नव्हता. एकदा तर कमल रडत आली, पोर डोळे फिरवते म्हणून, आणि झुलालने तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. हाताला सुई लावून पाणी चढवलं. त्या वेळी एस्तरबाईंना वाटलं, उशीर झाला. धुळ्याच्या काचेखाली पाहिलेली ती आडवी बाग त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. नव्या पेशी उगवायला जीव तगावा लागतो, आणि या जीवाजवळ तगायला उरलं होतं काय?

पण पोर तगली. आधी जुलाबातलं पाणी कमी झालं. मग पेजेची वाटी हातातून ओढून घेऊ लागली. मे संपता संपता भागाबाई तिला पुन्हा काखेत घेऊन आली. पोरगी भिंतीवर बसवली तर तोल जायचा, म्हणून एस्तरबाईंनी तिला पाठीमागून धरलं. मूठभर हाडं. भिंतीच्या आत काळी एकटीच पडली होती, पिल्लू एकही उरलं नव्हतं. चिंधीने बराच वेळ तिच्याकडे बघितलं. "हाड" म्हणाली नाही. वळून भागाबाईकडे हात पसरले आणि म्हणाली, "भू." म्हणजे भूक.

"दखा अक्का, खादाड!" भागाबाई हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. "घरी खाई, आठे बी खाई. बापले वॅगन भराले दोन पाळ्या लागतीन आते."

एस्तरबाईंनी आत जाऊन डबा उघडला. खरवडून जेवढं निघालं तेवढं पातेल्यात घातलं, पेज केली, निववली. चिंधीने सगळी खाल्ली आणि आजीच्या खांद्यावर झोपली.

त्या संध्याकाळी एस्तरबाईंनी वहीत तारीख घातली आणि लिहिलं:

आज तांदूळ संपले. डबा घासून अंगणात पालथा घातला आहे.